अ‍ॅम्प्लिफायरची घूं

आमच्या घरात पाहुण्यांसमोर न्यावा असा एकच ट्रे होता आणि त्याला मी भोकं पाडली. अ‍ॅल्युमिनियमचा, चांगला जाड, आईच्या माहेरून आलेला. रेडिओतल्या काचेच्या व्हॉल्व्हच्या बुडाएवढं गोल भोक पाडायचं अवजार घरात नव्हतं, म्हणून खिळ्यानं गोलाकार टोचत टोचत मधली चकती काढली आणि कडा कानशीनं घासल्या. ट्रे उलटा केला की अ‍ॅम्प्लिफायरचा उत्तम सांगाडा होतो, हे माझं स्वतःचं संशोधन होतं आणि त्याचा मला फार अभिमान होता. आई तेव्हा गच्चीवर कुरडया घालत होती. चिकानं भरलेले हात तसेच वर धरून ती खाली आली, ट्रेकडे पाहिलं आणि म्हणाली, "मंदे, पाहुण्यायले चहा आता काय ओंजळीत देऊ वं?" मी तिला समजावून सांगितलं, की हा ट्रे आता विज्ञानाच्या कामी आला आहे. ती म्हणाली, "विज्ञानाच्या मायले सांग, तिचा ट्रे दे म्हणा," आणि परत वर गेली.

हे सगळं चाललं होतं ते कुंदाताईसाठी. निदान मी तसं सांगत असे. ताई माझ्याहून मोठी, आणि हवाईयन गिटार शिकायची. त्या काळी धरमपेठेत बऱ्याच मुली शिकायच्या. गिटार मांडीवर आडवी ठेवायची, उजव्या हातानं तारा छेडायच्या आणि डाव्या हातातली पोलादी दांडी तारांवरून सरकवायची. उभं राहायचं नाही, नाचायचं नाही, त्यामुळे घरच्यांचीही हरकत नसे. दांडी केसभर इकडेतिकडे झाली की सूर गेला. सगळा मामला कानाचा. विजेवरची गिटार तिला तिच्या सरांनी वापरायला दिली होती, पण ती वाजवायला अ‍ॅम्प्लिफायर हवा, आणि तो सरांकडे एकच होता. तो मी घरी करीन, असं मी जाहीर केलं. मॅट्रिकची परीक्षा नुकतीच झाली होती, उन्हाळा समोर मोकळा पडला होता, आणि आमचा जुना रेडिओ मी एकदा दुरुस्त केला होता. म्हणजे त्यातून झुरळ काढलं होतं. एवढ्या भांडवलावर माणसाला किती आत्मविश्वास येऊ शकतो, हे आज माझ्याकडे नव्यानं कामाला लागणारी मुलं पाहिली की आठवतं.

बाबा नागपूरबाहेर वाडीला असलेल्या एका ट्रान्सपोर्ट गोदामाचं काम पाहायचे. सकाळी सायकलनं अमरावती रोडला लागायचे आणि संध्याकाळी ट्रकांची धूळ अंगावर घेऊन परत यायचे. माणूस प्रेमळ, पण प्रत्येक गोष्टीचा करार करायची त्यांना सवय. मला मॅट्रिकनंतर पॉलिटेक्निकला जायचं होतं, रेडिओच्या शाखेला. तिथं मुलगी गेल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. आईचं मत पक्कं होतं: होम सायन्स. घरात असलेला एकुलता एक ट्रे ज्या मुलीनं फोडला, तिला होम सायन्सची गरज आहे, हे तिचं म्हणणं तसं बिनतोड होतं. बाबांनी दोघींचं ऐकून घेतलं आणि करार घातला. अक्षय्य तृतीयेला महिला मंडळाच्या चैत्रगौरीच्या हळदीकुंकवात ताईचं गिटारवादन ठरलं होतं. बाबा म्हणाले, "त्या दिवशी तुझं खोकं कुंदाच्या गिटारमागं चाललं पाहिजे. अन् नुसतं चालून नाही भागत. घूं नाही झाली पाहिजे. घूं न करता वाजलं, तं मी सोता तुले पॉलिटेक्निकले नेतो. घूं झाली तं होम सायन्स, अन् मंग मले काई सांगाचं नाही." शब्दाला शब्द. गोदामात राहून त्यांना एवढं कळलेलं होतं, की माल पोचला एवढं पुरत नाही, न फुटता पोचावा लागतो.

सीताबर्डीच्या जुन्या बाजारातून व्हॉल्व्ह आले, ट्रान्सफॉर्मर आला, कंडेन्सर आले. स्पीकर आमच्या रेडिओतून काढला, म्हणजे घराच्या बातम्याही बंद झाल्या. पेटी बाबांनी आणलेल्या चहाच्या खोक्याची. व्हॉल्व्ह तापले की त्यातून चहापत्तीचा असा वास सुटायचा, की बाबा गोदामातून येऊन आधी विचारायचे, "चहा ठेवला काय वं?" झाळायला, म्हणजे सोल्डर करायला, विजेची कांडी नव्हती, स्टोव्हवर तापवायचा तांब्याचा खिळा होता. नागपूरचा एप्रिल महिना, खिडकीला खसची ताटी, आणि आत मी स्टोव्ह पेटवून बसलेली. एकदा भलत्या जागी बोट लागलं आणि मी पाटासकट मागं सरकले. आईनं ते पाहिलं आणि होम सायन्सची बाजू आणखी भक्कम झाली. "मेल्यावर कोणतं पॉलिटेक्निक घेते तुले?" ती म्हणाली. तेव्हापासून मी चालू यंत्रात हात घालताना एक हात पाठीमागं बांधल्यासारखा ठेवायची. मी आणलेल्या रेडिओच्या मासिकात तसं लिहिलं होतं. दोन्ही हात लावले तर करंट छातीतून जातो. गच्चीवरून कुरडया न्यायला आलेल्या शेजारच्या गंधेकाकूंनी मला त्या अवतारात पाहिलं आणि आईला हळूच विचारलं, "पोरीचा हात आखडला काय वं?"

यंत्र सुरू झालं. खरोखर झालं. ताईनं तार छेडली आणि खोक्यातून सूर आला. आम्ही दोघी किंचाळलो. किंचाळणं संपल्यावर कळलं, की सूर थांबला तरी मागं काहीतरी चालूच आहे. घूं. मधमाश्यांचं पोळं भिंतीत असावं तशी. ताई वाजवो न वाजवो, ती आपली चालूच.

पुढचे सगळे दिवस त्या घूंच्या मागं गेले. आधी कंडेन्सर बदलले. घूं थोडी पातळ झाली. मग व्हॉल्व्ह तापवणाऱ्या दोन तारांना वेणी घातली. मुलगी असण्याचा रेडिओच्या कामात झालेला हा एकमेव फायदा. घूं आणखी थोडी उतरली आणि तिथंच बसली. मी ज्याला विचारेन तो एकच सांगायचा, अर्थिंग करा. मासिकही तेच म्हणायचं. यंत्रातले लोखंडी, पितळी भाग जमिनीला तारेनं जोडले, की नको ती वीज जमिनीत निघून जाते.

इथं मी जी चूक केली, ती आमच्याच घरची मुलगी करू शकते. आमच्याकडे लग्न म्हणजे मानपान. एका मामाला टोपी दिली आणि दुसऱ्याला राहिली, तर दुसरा मामा मांडवातून उठून जातो. आत्याचं लुगडं, तिच्या जावेचं लुगडं, जावेच्या नणंदेला निदान खण. जो राहील तो रुसेल, हे मी लहानपणापासून पाहिलेलं. तेव्हा मी यंत्रातल्या प्रत्येक धातूला स्वतंत्र मान दिला. ट्रान्सफॉर्मरची तार भिंतीतल्या अर्थिंगच्या पिनेला. ट्रेची तार मोरीतल्या नळाला. स्पीकरची तार खिडकीच्या गजाला. गिटारवरच्या धातूच्या पट्टीची तार पलंगाच्या लोखंडी पायाला, कारण पलंग जड होता आणि मला तो विश्वासू वाटायचा. तरी घूं जाईना. मी आणखी कुणी राहिलं का ते शोधायची आणि आणखी एक तार ओढायची. बाहेरची खोली अशी झाली की बाबा संध्याकाळी पाय उचलून उचलून चालायचे. "गोदामात दोर कमी पडून राहिले, इथून नेऊ काय?" ते विचारायचे. आज धंतोलीच्या दवाखान्यांतली हृदयाचा आलेख काढणारी यंत्रं दुरुस्त करणं हा माझा धंदा आहे. कागदावर आलेखाऐवजी बारीक गवत उगवलं की मला बोलावतात, आणि मी गेले की पाहते, कुणीतरी शहाण्यानं पाच ठिकाणी अर्थिंग केलेलं असतं. मी रागावत नाही. फक्त विचारते, घरी मामा किती?

घूंवर खुश असलेली व्यक्ती घरात एकच होती, ती म्हणजे आई. तिचं गुरुवारी दुपारी आमच्याकडे बायकांचं भजन असायचं. भजनाच्या पेटीचा भाता फाटला होता आणि तो शिवून येईना. पेटीशिवाय सगळ्या बायका आपापल्या सुरात देवाला हाका मारायच्या. पहिल्यांदा तिनं आतल्या खोलीतून घूं ऐकली तेव्हा ती तांदूळ निवडत होती. हात थांबवून म्हणाली, "पांढरी पाच आहे वं ही." पेटीची पाचवी पांढरी पट्टी, आणि तिचा स्वतःचा गायचा सूर. मी लक्ष दिलं नाही. पण पुढच्या गुरुवारी तिनं हुकूम सोडला, "मंदे, तुझं खोकं लाव." बायका भिंतीला टेकून बसल्या, मी बटण दाबलं, घूं सुरू झाली आणि आईनं त्यात आपला सूर मिळवला. भजन इतकं रंगलं की गंधेकाकूंनी मशीनला हळदकुंकू वाहिलं. "दुपारी थोडी चढी असते," आई त्यांना जाणकारासारखं सांगत होती, "दिवेलागणीले बरोबर बसते." हे खरं होतं. संध्याकाळी सगळीकडचे पंखे-दिवे एकदम लागले की विजेची चाल किंचित मंदावते, आणि घूं तेवढीच उतरते. हे मला नंतर पुस्तकातून कळलं. तेव्हा मी फक्त चिडले. मी ज्या आवाजाशी दिवसरात्र झगडत होते, त्याच्यावर माझी आई टाळ वाजवत होती.

अक्षय्य तृतीयेच्या आदल्याच दिवशी, गुरुवारी, भजन असंच चाललं होतं. मी कोपऱ्यात बसून होम सायन्समध्ये काय काय शिकवतात याचा विचार करत होते. गंधेकाकू पाणी प्यायला उठल्या, मोरीकडे गेल्या. नळाला माझी उघडी तार गुंडाळलेली. "करंट लागन बापा," असं म्हणत त्यांनी ओट्यावरचं लाटणं घेतलं आणि तार नळावरून उपसून काढली. बाहेरच्या खोलीत घूं एकदम अर्ध्यावर आली. आई मध्येच थांबली. टाळ थांबले. "सूर कोणं ओढला वं?" ती ओरडली. गंधेकाकू लाटणं हातात धरून दारात उभ्या. "मी तं नळच सोडवला, बाई."

मी उठले आणि खिडकीच्या गजाची तार ओढली. घूं आणखी उतरली. पलंगाची ओढली. आणखी उतरली. बायका एकेक तारेबरोबर माझ्याकडे असं पाहत होत्या, जणू मी गाभाऱ्यातली समई विझवत होते. मला एवढंच कळलं, की जमीन सगळीकडे सारखी नसते. नळाची जमीन वेगळी, गजाची वेगळी, भिंतीची वेगळी, आणि मी त्या सगळ्यांना एकमेकांशी भांडायला माझ्या ट्रेमध्ये आणून बसवलं होतं. मान एकालाच द्यायचा होता. बाकीच्यांनी त्याच्याकडून घ्यायचा. त्या दिवशी मी सगळ्या तारा उपटल्या, ट्रेमध्ये एक बोल्ट बसवला, सगळ्यांना त्या एका बोल्टला बांधलं, आणि बोल्टाची एकच तार भिंतीतल्या पिनेला नेली. बटण दाबलं. व्हॉल्व्ह लाल झाले. काहीच ऐकू आलं नाही. मला वाटलं यंत्र मेलं. ताईनं तार छेडली, तेव्हा खोली भरून सूर आला आणि सूर संपल्यावर शांतता. आईनं दारातून पाहिलं. "आमचं भजन मोडून काय मिळालं तुले?" ती म्हणाली. ती खरोखर दुखावली होती, आणि मी इतकी आनंदात होते की मला ते दिसलंही नाही.

हळदीकुंकवाला मंडळाच्या हॉलमध्ये पुढं सतरंजीवर बायका, मागं खुर्च्यांवर त्यांना पोचवायला आलेले नवरे. बाबा अगदी शेवटी दाराजवळ. आंब्याच्या डाळीचा आणि पन्ह्यातल्या वेलचीचा वास सगळ्या हॉलभर. अध्यक्षीणबाईंना माझं खोकं ओबडधोबड दिसलं, म्हणून त्यांनी त्यावर क्रोशाचा रुमाल पसरला. तो व्हॉल्व्हच्या उष्णतेनं तपकिरी व्हायच्या आत मी काढून घेतला. यंत्र लावलं. पूर्ण शांत. मी स्टेजच्या कडेला, हात पाठीमागं घेऊन, स्वतःवर बेहद्द खुश.

ताईनं दांडी तारेवर ठेवली, आणि माझ्याकडे पाहिलं. ओठ हलवून विचारलं, "बंद आहे काय?" मी मान हलवली, चालू आहे. तिनं पहिला सूर लावला आणि तो खाली लागला. सरकवून वर नेला, तर फार वर गेला. तेव्हा माझ्या लक्षात आलं. आमच्या ताईनं उन्हाळाभर त्या घूंवर रियाज केला होता. तिची दांडी घूंला विचारून थांबायची. मी यंत्र दुरुस्त केलं होतं आणि बहिणीच्या पायाखालची फळी काढून घेतली होती. दुसरी ओळही डळमळली. पुढच्या बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. ताईच्या कपाळावरचा घाम मला दिसत होता, आणि माझ्याजवळ सोल्डर सोडून काहीही नव्हतं.

मग पुढच्या सतरंजीवरून बारीक सूर आला. तोंड मिटून धरलेला. आई समोर बघत होती, हातात पन्ह्याचा पेला, चेहरा असा की जणू तिचा काही संबंध नाही. तिच्या शेजारी गंधेकाकूंनी तो धरला, मग भजनाच्या सगळ्या बायकांनी. पांढरी पाच. ताईची दांडी त्यावर येऊन टेकली आणि मग सरळ चालू लागली. शेवटपर्यंत. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या आणि वाजवता वाजवता मागं पाहिलं. बाबा दाराजवळ उभे होते. त्यांनी बोट कानाजवळ नेलं आणि नकारार्थी मान हलवली.

घरी येताना बाबा सायकल हातात धरून चालत होते, गिटार त्यावर आडवी. खोकं माझ्या डोक्यावर. "शब्द तो शब्द," बाबा म्हणाले. "घूं झाली."

"ती मशीनची नव्हती, बाबा."

"मंग कोणाची? हॉलच्या भिंतीची?"

मी आईकडे पाहिलं. ती डाळीचा डबा घेऊन पुढं चालत होती, पाठ ताठ. ताईनं तोंड उघडलं आणि आईच्या पाठीकडे बघून परत मिटलं. आईनं नुसतं गप्प राहायचं होतं. होम सायन्स तिला आयतं मिळत होतं. मी काही बोलले असते तर बाबांनी ते कराराबाहेरची सबब म्हणून मोडीत काढलं असतं. मी मनात पोळ्या लाटायलाही लागले होते.

बाबांना माझी दया आली असावी, कारण ते समजुतीच्या आवाजात म्हणाले, "पण एक गोष्ट सांगतो पोरी, सूर पक्का होता तुह्या मशीनचा. कुंदा घसरून राहिली होती, मशीननंच सावरलं तिले."

आई थांबली. मागं वळली.

"मशीननं?"

"हाव नं. काय सूर होता तो! जराही हलला नाही."

"अजी, मशीनले कायचा आला सूर? तो मी धरला होता."

"तू?"

"मी नाही तं कोण? मधात मले पन्ह्याचा ठसका लागला, तेव्हा गंधेबाईनं धरून ठेवला. मशीनले ठसका लागते काय? सारा जनम भजनात गेला माह्या, अन् तुम्ही त्या खोक्याले शाबासकी देऊन राहिले!"

बाबांनी सायकल थांबवली. मग तिला कळलं आपण काय बोलून बसलो ते. तिनं माझ्याकडे पाहिलं, डबा या हातातून त्या हातात घेतला आणि म्हणाली, "मरो ते," आणि झपाझप चालायला लागली. पुढं कित्येकांनी मला सांगितलं, की आईनं मुलीसाठी मन मोठं केलं. मी मान हलवते. तिनं ते माझ्यासाठी केलं नाही. आपला सूर एका चहाच्या खोक्याच्या नावावर लागावा, हे तिला सहन झालं नाही, एवढंच. पण मला तिचं हे कारण जास्त आवडतं. मन कधी मोठं होईल आणि कधी नाही याचा भरवसा नसतो. तिच्या सुराचा होता.

घर आलं. फाटकाशी बाबांनी सायकल टेकवली आणि माझ्या डोक्यावरचं खोकं उतरवून घेतलं.

"तिथं पोरीयची बसाची काही सोय असते काय?"

"माहीत नाही, बाबा."

"मंग उद्या विचारून येऊ."

आई कुलूप काढत होती. वळली नाही. "सकाळीच जा म्हणा," ती दाराला सांगितल्यासारखी म्हणाली. "अन् दोघंही खिशात कांदा ठेवा. ऊन तापून राहिलं."

माझ्या पंजाबी ड्रेसला खिसा नव्हता. पॉलिटेक्निकच्या फाटकातून मी पहिल्यांदा आत गेले ती हातात कांदा धरून.